गड्ड्याला जाताय? आधी गाडी कुठं सोडायची ते ठरवा

सोलापुरात नव्यानं राहायला आलात आणि जानेवारी उजाडला, की शेजारच्या काकू जिन्यात गाठून विचारतातच, "गड्ड्याला जाऊन आलात का?" गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर भरणारी जत्रा. आकाशपाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुवा, खेळण्यांचे स्टॉल, भेळ आणि भज्यांच्या गाड्या असं सगळं तिथं असतं. पोरांना पाळणा दिसतो, आईबाबांना प्रश्न पडतो की गाडी लावायची कुठं.

होम मैदान वर्षातले बरेच दिवस मोकळं दिसतं. नवा माणूस ते पाहून ठेवतो आणि मनात म्हणतो, एवढं मोठं मैदान आहे, लावू की तिथंच. यात्रेत गेल्यावर कळतं की ज्या मैदानावर गाडी लावायची होती त्यावरच पाळणे उभे आहेत. मैदानाच्या एका अंगाला मंदिर आणि तलाव, शेजारी भुईकोट किल्ला, पलीकडे पार्क चौक आणि जुन्या पेठा. गाड्यांसाठी हा भाग मुळातच चिंचोळा आहे. म्हणून गाडी जवळात जवळ कुठं लागेल हे शोधायच्या भानगडीत पडू नका. परत निघताना ती कुठून लवकर बाहेर पडेल, तेवढं बघा. पुढचं सगळं यावरच आहे.

आधी दिवस ठरवा

पार्किंगचा निम्मा प्रश्न कॅलेंडरवर सुटतो. यात्रेचे मुख्य विधी पाच दिवसांचे आणि ते संक्रांतीच्या मागेपुढे येतात. भोगीच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. संक्रांतीला होम, आणि त्या रात्री वासराची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत. किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. शेवटच्या दिवशी कप्पडकळी, म्हणजे यात्रेची सांगता.

या मुख्य दिवसांत सातही नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच ध्वज कमरेला तोलून चालवतात. ही मिरवणूक पायी चालते, जागोजागी थांबते, आणि तिच्या मागेपुढे गर्दी असते. अक्षतांच्या दिवशी दाते गणपती, दत्त चौक, सोन्या मारुती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असं करत ती मंदिराकडे येते. या वाटेवर किंवा हिला मिळणाऱ्या बोळात गाडी लावली, तर ती तुमची राहत नाही, यात्रेची होते.

हे मी स्वानुभवावरून सांगतो. सोलापुरातलं माझं पहिलंच वर्ष होतं. अक्षतांच्या दिवशी सकाळी विजापूर वेशीजवळच्या एका बोळात स्कूटर लावली आणि फार हुशारी केली असं वाटलं. दुपारी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर कानावर आला तेव्हा अंगावर काटा आला. तासाभरानं घरी जायचं म्हणून बोळाच्या तोंडाशी आलो, तर समोर माणसांची भिंत. बायकोच्या कडेवर मुलगी झोपलेली. एका दुकानदारानं स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "बसा की निवांत, आता संध्याकाळशिवाय काय निघत नाय गाडी." तसंच झालं.

लहान मुलांना फक्त पाळण्यात बसवायचं असेल, तर या पाच दिवसांत जाऊच नका. विधी संपले तरी मैदानावरची जत्रा साधारण जानेवारीअखेरपर्यंत असते. मुख्य दिवस उलटल्यावर मधल्या वारी, मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारी चार-साडेचारला पोचा. ऊन उतरलेलं असतं, पाळण्यांना रांग लहान असते, आणि पार्क चौकाजवळच्या चार पुतळ्यांच्या परिसरातून रिक्षा अजून हलत असतात. साडेसातला बाहेर पडा. रविवारी संध्याकाळी सहाला जाणारा माणूस एक तर अविवाहित असतो किंवा सोलापुरात नवा.

अक्षता सोहळा मात्र एकदा बघाच. फक्त त्या दिवशी गाडी घरी ठेवायची. सिद्धेश्वर, म्हणजेच सिद्धरामेश्वर, १२व्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, ती आठवण म्हणून इथं लाखो लोक अक्षता टाकतात. त्या गर्दीत बाबागाडी नेऊ नका. लहानग्याला कडेवर किंवा पाठीवरच्या झोळीत घ्या.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी मल्लाप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यवीरांना फाशी झाली. त्या दिवशी पार्क चौकाजवळच्या त्यांच्या पुतळ्यांपाशी अभिवादनाला लोक येतात. सगळं शहर ज्याला 'चार पुतळा' म्हणतं ती जागा हीच, आणि गड्ड्याकडं जाणारे बरेच लोक इथूनच वळतात. त्या सकाळी या चौकातून गाडी काढायचं डोक्यात आणू नका.

मग पेपर बघा

दरवर्षी यात्रेआधी शहर पोलिसांची वाहतूक शाखा बंद रस्ते, पर्यायी मार्ग आणि वाहनतळांची यादी जाहीर करते. स्थानिक पेपरात ती येते, मोबाईलवरही फिरते. मागच्या वर्षीचा फॉरवर्ड या वर्षी पुन्हा फिरतो, म्हणून तारीख तपासा. ही यादी वाचताना 'पार्किंग' या शब्दाआधी 'प्रवेश बंद' हे शब्द शोधा. वाहनतळ मोकळा असतो, पण त्याकडं जाणारा रस्ता दुपारी ठरावीक वेळेनंतर बंद झालेला असतो, हे पुष्कळदा घडतं. बंदची वेळ कागदावर लिहून घ्या आणि त्याच्या तासभर आधी पोचा.

कुठल्या बाजूनं येताय त्यावर जागा

नियम एकच. शहरात ज्या बाजूनं शिरता त्याच बाजूला गाडी सोडायची. मैदानाला वळसा घालून पलीकडं 'बरी जागा' मिळेल म्हणून जाऊ नये. येताना अर्धा तास जातो तो जातोच, परतताना तोच वळसा गर्दीतून घ्यावा लागतो.

जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड, आसरा, होटगी रोड या भागातली घरं सात रस्त्यावरून येतात. या लोकांनी सात रस्ता किंवा फार तर रंगभवनच्या अलीकडं दुचाकी लावावी आणि पुढं चालावं. रंगभवनपासून मैदान चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आजी सोबत असतील तर वीस धरा. विजापूर रोडवर रेवणसिद्धेश्वर मंदिराजवळ यात्रेतला जनावरांचा बाजार भरतो. त्या दिवसांत बैल घेऊन येणारे टेम्पो, ट्रक या रस्त्याला असतात, तेव्हा निघायची वेळ थोडी आधीची ठेवा. पोरांना बैल दाखवायचे असतील तर तो वेगळा दिवस करा. दोन्ही एका संध्याकाळी होत नाही, मी करून पाहिलंय.

पुणे, मोहोळ, पंढरपूर, बार्शीकडचे लोक जुन्या पुणे नाक्यावरून शिवाजी चौकाकडं येतात. शिवाजी चौकात एसटी स्टँड, त्यामुळे तिथं एरवीही गाडी थांबवू देत नाहीत. चारचाकी नाक्याच्या बाजूलाच, अधिकृत जागी सोडा आणि तिथून शेअर रिक्षा धरा. तुळजापूर नाका आणि हैदराबाद रोडवरून येणाऱ्यांनी मार्केट यार्डाच्या पुढं चारचाकी नेण्याचा हट्ट करू नये. अक्कलकोट रोडवाल्यांनी अशोक चौकाच्या अलीकडंच थांबावं. या दोन्ही बाजूंनी पुढं सरकलात की जुन्या पेठा लागतात आणि मिरवणुकीच्या दिवशी तिथून गाडी मागं घेणंही होत नाही.

खासगी मोकळ्या प्लॉटवर पोरं दोरी बांधून 'पे अँड पार्क' लावतात. चांगली सोय आहे, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय किल्ली काढू नका: पैसे किती, पावती देणार का, आणि रात्री किती वाजता तुम्ही घरी जाणार. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एकदा रात्री साडेदहाला परत आलो तर राखणारा गेलेला, आणि माझ्या गाडीपुढं तिघांच्या गाड्या लागलेल्या. आमच्या मुलांना ती रात्र पाळण्यापेक्षा जास्त आठवते.

गाडी लावल्यावर मोबाईलवर दोन फोटो काढा. एक गाडीचा नंबर दिसेल असा, एक समोरच्या दुकानाच्या पाटीचा. रात्री दिवे लागले की सगळे बोळ सारखे दिसतात. लोकेशन सेव्ह करा, पण गर्दीत नेट मंद होतं, म्हणून पाटीचा फोटो हवाच. दुचाकी असेल तर हॅण्डल लॉक करा आणि हेल्मेट सोबत ठेवा. घरातल्या एकाच्या हातात ते राहणार आहे, हे आधीच ठरवून टाका म्हणजे गड्ड्यात भांडण नको.

गाडी नकोच असेल तर

मोठ्या थीम पार्कात पार्किंगपासून गेटपर्यंत त्यांची स्वतःची बस असते. इथं तशी एकच एक सोय नाही, तुम्हालाच तुकडे जोडावे लागतात. ते जमलं की कारपेक्षा सोपं पडतं.

शेअर रिक्षा हा सोलापूरकरांचा खरा आधार. बसताना 'गड्डा' म्हणालात तर रिक्षावाला हसेल, कारण गड्ड्यापर्यंत तो जाऊच शकत नाही. 'पार्क' म्हणा किंवा 'सात रस्ता' म्हणा, म्हणजे तुम्ही इथले वाटाल. भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि 'माणशी की पूर्ण रिक्षा' हेही विचारा. यात्रेत हा घोळ हमखास होतो. दोन मोठे, दोन मुलं आणि आजी असतील तर पूर्ण रिक्षा करणंच बरं, कारण शेअर रिक्षात मुलांना मांडीवर घ्यायला सांगतात आणि नऊ वर्षांचा मुलगा मांडीवर घेऊन बघा एकदा. बॅरिकेडशी आल्यावर रिक्षावाला "उतरा की इथंच, पुढं सोडत नाहीत" म्हणेल. तो फसवत नसतो. उतरा.

येणं अवघड नसतं, परतताना अडचण होते. रात्री आठनंतर बॅरिकेडशी उभ्या रिक्षा तुमच्याकडं बघतही नाहीत, कारण गिऱ्हाईक भरपूर आणि रस्ता अडलेला. तेव्हा मैदानापासून दोन चौक दूर चालत जा, मगच रिक्षा शोधा. जुळे सोलापूरकडच्यांनी सात रस्त्यापर्यंत, जुन्या पुणे नाक्याकडच्यांनी शिवाजी चौकापर्यंत चालावं. तिथं रिक्षाही मिळते आणि भाडंही माणसात येतं. ओळखीचा रिक्षावाला असेल तर सकाळीच सांगून ठेवा: "मामा, पावणेआठला सात रस्त्याला या." फोन लागेलच असं नाही, म्हणून वेळ आणि जागा तोंडीच पक्की करा.

महापालिकेची सिटी बस दिवसा जाताना मिळाली तर जरूर बसा, पोरांना मजा येते. परतीसाठी तिच्यावर विसंबू नका, गाड्या मोजक्या आहेत.

तालुक्याहून येणाऱ्यांनी मात्र एसटीचा विचार खरोखर करावा. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५च्या आसपास, बार्शी आणि पंढरपूर सत्तरच्या पुढं. २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि बारापर्यंत अर्धं. आई, आजी, दोन मुलं आणि बाबा असं कुटुंब धरलं, तर पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं. पेट्रोल आणि पार्किंगचा हिशेब याच्याजवळ येत नाही. आजीआजोबांचं आधार कार्ड मात्र सोबत हवं. स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारा आणि त्याच्या आधीच्या गाडीनं जायचं ठरवा. अक्कलकोटकडून येताना कंडक्टरला एक विचारा: बसचा मार्ग बदललाय का, आणि गड्ड्याला चालत जायला कुठला थांबा जवळ. यात्रेत बस नेहमीच्या वाटेनं जाईलच असं नाही.

एसटी स्टँड काय किंवा रेल्वे स्टेशन काय, दोन्हीकडून मैदान साधारण दीड-दोन किलोमीटर. स्टँडवरून शिवाजी चौक, मेकॅनिक चौक करत चार पुतळ्यांकडं पायी जाता येतं. जाताना सगळे चालतात. परत येताना धाकटा रस्त्यातच बसतो, तेव्हासाठी रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा.

आजी आणि बाबागाडी

गुडघे दुखणाऱ्या माणसाला पार्किंगपासून चालवत आणू नका. घरातल्या एकानं आजींना रिक्षानं बॅरिकेडपर्यंत आणायचं, दुसऱ्यानं गाडी लावून मागून चालत यायचं. भेटायची जागा आधी ठरलेली हवी. 'मोठ्या पाळण्याजवळ' असं ठरवू नका, मोठे पाळणे अनेक असतात आणि प्रत्येक मुलाला वेगळाच मोठा वाटतो. हरिभाई देवकरण प्रशालेचं गेट ही हलत नसलेली, कुणालाही विचारता येणारी जागा आहे. घरातल्या सगळ्यांना तेच सांगा. हरवलेलं मूल पोलिसांजवळ गेलं, तर त्यालाही ते नाव सांगता येतं.

लहान मुलांच्या हातावर बॉलपेननं मोबाईल नंबर लिहा. खिशातली चिठ्ठी पाळण्यात पडते. ११२ पोलिसांचा, १०९८ मुलांच्या मदतीचा, हे दोन नंबर मोठ्या मुलाला पाठ करून घ्या. आधी मैदानावरच्या पोलिसाला शोधायचं, हेही सांगून ठेवा. लाऊडस्पीकरवरून हरवलेल्यांची नावं सतत पुकारली जातात, आपलं नाव आलं तर घाबरू नये, धावूही नये.

बाबागाडी मधल्या वारी चालते. मैदानावर धूळ आणि वायरी असतात, त्यामुळं चाकं लहान असलेली नाजूक गाडी अडकते. मंदिरात जाणार असाल तर चपला काढाव्या लागतात, म्हणून बुटांच्या लेसवाला मुलगा त्या दिवशी सँडलमध्ये न्या.

दारूकामाची रात्र

किंक्रांतीच्या रात्री शोभेचं दारूकाम बघायला सगळं शहर एकाच वेळी येतं आणि एकाच वेळी जातं. या रात्री जवळचं पार्किंग मिळालं तर ते घेऊ नका. खरंच. शेवटचा बाण विझला की आतल्या गाड्या सगळ्यात शेवटी सुटतात. आम्ही आता सात रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या एका मित्राच्या गच्चीवरून बघतो. त्यांच्याकडं तिळगूळ आणि बाजरीची भाकरी, आमच्याकडून शेंगा चटणी. अशी गच्ची नसेल तर मैदानात आत न शिरता रंगभवनच्या अंगानं, रस्त्याच्या कडेला उभे राहा. बाण आकाशातच उडतात, मैदानाच्या मधून वेगळे दिसत नाहीत.

आत अडकलातच तर संपल्यावर लगेच पळू नका. अर्धा-पाऊण तास भजी खा, मुलांना शेवटचा पाळणा द्या. रस्ता तोवर थोडा हलतो. गाडीत बसल्यावर जुन्या पेठेतून शॉर्टकट मारायचा मोह होईल, कारण मॅप तो निळ्या रेषेत दाखवेल. त्या रेषेला नंदीध्वज ठाऊक नसतात. आलात त्याच रस्त्यानं जा.

निघताना मागच्या सीटवर एक चादर टाकून ठेवा. सैफुलचा सिग्नल येईपर्यंत सगळी झोपलेली असतात, पिपाण्या मात्र हातातच असतात.